राउटरची वही

जून लागला की त्र्यंबकमध्ये ब्रह्मगिरी ढगांत जातो आणि घराघरांत दिव्यांची ये-जा सुरू होते. फ्रीज कधी बंद करायचा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घालायचे, हे आपल्या घरांत सगळ्यांना पाठ असते. भिंतीवर टांगलेल्या वाय-फायच्या डब्याची मात्र कोणी विचारपूस करत नाही. तो बंद पडला की मग घरातले कोणीतरी टाचणी घेऊन मागचे छोटे बटण दाबते, दिवे लुकलुकतात, केबलवाल्याचा माणूस येऊन नेट चालू करून देतो आणि सगळे निर्धास्त होतात.

नेट चालू झाले म्हणजे सगळे पूर्वीसारखे झाले, असे मात्र नसते. ते बटण दाबले की राउटर कारखान्यातून आला त्या अवस्थेत जातो. थोरल्या मुलाने किंवा भाच्याने कधीतरी बसून केलेली सगळी मांडणी पुसली जाते. लहान मुलांसमोर नको ती पाने उघडू नयेत म्हणून लावलेली गाळणी जाते. रात्री दहानंतर मुलांच्या मोबाइलचे नेट बंद करणारे वेळापत्रक जाते. पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय जाते. यातले काहीही गेले तरी नेट थांबत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही. महिनोन्‌महिने आपण समजतो की गाळणी आहे, आणि ती नसते. म्हणून राउटरच्या सेटिंगची प्रत कशी काढून ठेवावी आणि ती परत कशी बसवावी, हे या महिन्यात आम्ही सविस्तर लिहीत आहोत.

डबा कधी विसरतो?

नुसती वीज गेल्याने राउटर सहसा काही विसरत नाही. सेटिंग त्याच्या कायम स्मृतीत असतात. विसरण्याची कारणे वेगळी आहेत. पहिले, रीसेटचे बटण. येथे दोन शब्दांची गल्लत होते. रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणे. त्याने काही पुसले जात नाही. रीसेट म्हणजे टाचणीने बटण आठ-दहा सेकंद दाबून धरणे; त्याने सगळे पुसले जाते. नेट गेले की आधी रीस्टार्ट करावे, टाचणीला हात लावू नये. डब्यावर लाल दिवा लागला असेल तर बहुतेक वेळा बाहेरची केबल तुटलेली असते. रस्ता खोदला की हे हमखास होते. अशा वेळी कितीही रीसेट केले तरी नेट येणार नाही, उलट घरची मांडणी जाईल.

दुसरे कारण, डबा जळणे. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून येते. विजांचा कडकडाट सुरू झाला की अडॅप्टर सॉकेटमधून काढावा. डबा जळाला तर नवा कोराच येतो. तिसरे कारण, नवे सॉफ्टवेअर डब्यात भरले जात असताना मध्येच वीज जाणे. आपल्याकडे पावसाळ्यात हा धोका खराच आहे. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस असेल तर उत्तम. नसेल तर असले काम वीज स्थिर असताना करावे.

चौथे कारण असे की कधी कधी रीसेट आपल्यालाच मुद्दाम करावे लागते. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे ब्रॉडबँड मॉडेम एका घातक प्रोग्रामने बंद पाडले. ज्या मॉडेमचा पासवर्ड कारखान्यातलाच, म्हणजे ‘अ‍ॅडमिन’, राहिला होता, त्यांत तो शिरला. कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे जाहीर आवाहन करावे लागले. पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, सिस्को कंपनीच्या तज्ज्ञांनी ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा प्रोग्राम उघडकीस आणला. ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत तो शिरला होता आणि त्यांत घरगुती राउटर पुष्कळ होते. नुसत्या रीस्टार्टने त्याचा मूळ भाग निघत नव्हता. कारखाना-रीसेट करून नवे सॉफ्टवेअर भरणे, हाच खात्रीचा उपाय होता. ज्या घरात सेटिंगची प्रत असते, ते घर असा रीसेट बेधडक करू शकते. ज्या घरात ती नसते, तेथे ‘चालतंय ना, राहू दे’ म्हणून दूषित डबा तसाच भिंतीवर राहतो.

पहिली पायरी: वही

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण तेथे मिळते. ही सवय घरातल्या प्रत्येक हिशेबाला उपयोगी आहे. राउटरसाठी दोनशे पानी रजिस्टर नको. शाळेच्या वहीची दोन पाने पुरतात. त्यांत पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. राउटरची कंपनी, मॉडेल क्रमांक आणि आवृत्ती. हे सारे डब्याच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवर असते.

२. राउटरचे पान उघडण्याचा पत्ता. जिओफायबरच्या डब्यात तो सहसा १९२.१६८.२९.१ असतो, इतर अनेक राउटरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. त्यासोबत त्या पानाचा पासवर्ड. हा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड वेगवेगळे असतात आणि तसेच असावेत.

३. वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार. हे तिन्ही अक्षरशः जसेच्या तसे लिहावे. नव्या डब्यात हीच माहिती भरली की घरातले फोन, टीव्ही, प्रिंटर सहसा आपोआप जोडले जातात. प्रत्येक यंत्र हातात घेऊन पासवर्ड टाकत बसावे लागत नाही. आमच्या मते वहीतली सर्वांत कामाची ओळ हीच आहे.

४. केबलवाल्याने दिलेले लॉगिन नाव आणि पासवर्ड. बीएसएनएल आणि बऱ्याच स्थानिक केबलवाल्यांच्या जोडणीत ‘पीपीपीओई’ नावाची पद्धत असते. राउटरच्या पानावर तो पासवर्ड ठिपक्यांत झाकलेला दिसतो, म्हणून जोडणी घेतानाच तो विचारून लिहून ठेवावा. ‘व्हीएलएएन’ क्रमांक दिला असेल तर तोही.

५. गाळणीचा पत्ता. क्लाउडफ्लेअर कंपनीने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी मोफत सेवा सुरू केली. राउटरच्या ‘डीएनएस’च्या रकान्यात १.१.१.३ लिहिले की अश्लील आणि घातक संकेतस्थळांचे पत्ते त्या वाटेने उघडत नाहीत. आपण कोणतीही गाळणी वापरत असाल, तिचे आकडे लिहा.

६. मुलांच्या यंत्रांचे वेळापत्रक. रमजानमध्ये सहरीसाठी ते बदलत असाल तर दोन्ही वेळापत्रके लिहा.

७. कॅमेरा किंवा प्रिंटर यांना ठरवून दिलेले पत्ते.

दुसरी पायरी: डब्याचीच प्रत

बहुतेक राउटरच्या पानावर ‘बॅकअप आणि रिस्टोअर’ नावाची सोय असते. टीपी-लिंकमध्ये ती ‘सिस्टिम टूल्स’ या भागात सापडते. बॅकअपचे बटण दाबले की एक छोटी फाइल संगणकात उतरते. तिला तारीख आणि मॉडेलचे नाव द्यावे. फाइल परत बसवताना त्याच पानावर ती निवडायची, रिस्टोअर दाबायचे आणि डबा आपोआप बंद होऊन चालू होईपर्यंत हात लावायचा नाही.

या फाइलच्या तीन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. ती सहसा त्याच मॉडेलच्या डब्यात चालते. जुना डबा एका कंपनीचा आणि नवा दुसऱ्या कंपनीचा असेल तर ती निरुपयोगी. फाइल बसवल्यावर राउटरच्या पानाचा पासवर्डही त्या तारखेचा होतो. मधल्या काळात तो बदलला असेल तर नवा चालणार नाही आणि लोक आपल्याच दारात कुलूपबंद होतात. म्हणून वहीत पासवर्डासमोर तारीख हवीच. तिसरी मर्यादा ही की कंपनीने दिलेल्या डब्यात ही सोय कधी कधी ग्राहकासाठी बंद ठेवलेली असते. तेव्हा वही हाच आधार.

तिसरी पायरी: स्वतःच्या स्क्रिप्ट

आता ज्या घरांत इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांच्यासाठी थोडे पुढचे. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आला. त्यातले सॉफ्टवेअर लिनक्सवर आधारलेले होते आणि लिनक्सच्या परवान्याची अट अशी की अशा सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर लोकांना खुला करावा लागतो. २००३ मध्ये तो खुला झाला आणि २००४ मध्ये त्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. आज अनेक साध्या राउटरवर ही प्रणाली बसवता येते. मग आपण स्वतः लिहिलेल्या आज्ञांच्या छोट्या याद्या, म्हणजे स्क्रिप्ट, राउटरमध्ये चालवता येतात: ईशानंतर मुलांचे नेट बंद करणे, जाहिराती अडवणे, आणि सेटिंगची प्रत आपोआप काढणे.

प्रत काढणारी स्क्रिप्ट मोठी नसते. तिने पाच कामे करावीत. सेटिंगची एक गठडी बांधावी. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये त्यासाठी तयार हुकूम आहे. गठडीच्या नावात त्या दिवसाची तारीख घालावी. आपण वरून बसवलेल्या पॅकेजांची यादी वेगळ्या फाइलीत लिहावी. गठडी आणि यादी दोन्ही घरच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर न्याव्यात. शेवटच्या आठ प्रती ठेवून जुन्या काढून टाकाव्यात. हे काम दर जुम्म्याच्या पहाटे आपोआप व्हावे, अशी वेळ राउटरमध्येच लावून ठेवता येते. प्रत संगणकावर न्यायची असेल तर तो त्या वेळी चालू हवा.

येथे हुशार मुलेही फसतात अशा तीन जागा आहेत.

पहिली जागा: राउटरची तात्पुरती जागा, म्हणजे ‘टेम्प’ फोल्डर, फक्त चालू स्मृतीत असते. गठडी तेथेच राहिली आणि वीज गेली की गठडीही गेली. पावसाळ्यात तर ती एक रात्रही टिकण्याची खात्री नाही. प्रत डब्याबाहेर गेली, तरच ती प्रत.

दुसरी जागा: ओपनडब्ल्यूआरटीची गठडी ठरलेल्या फाइली घेते. आपण स्वतःच्या फोल्डरात लिहिलेली स्क्रिप्ट तीत आपोआप येत नाही. म्हणजे प्रत काढणारी स्क्रिप्ट स्वतःचीच प्रत काढत नाही! कोणत्या फाइली राखायच्या याची एक यादी प्रणालीत असते. आपल्या प्रत्येक स्क्रिप्टचे नाव त्या यादीत हाताने घालावे लागते. आसुसच्या राउटरवर ‘मर्लिन’ हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीही सांभाळावे. तेथे स्क्रिप्ट ‘जेएफएफएस’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात राहतात आणि सेटिंगच्या फाइलीत तो कप्पा येत नाही. त्याची प्रत वेगळ्या बटणाने काढावी लागते.

तिसरी जागा: वरून बसवलेली पॅकेजे. गठडीत त्यांच्या सेटिंग येतात, पण ती पॅकेजे येत नाहीत. जाहिराती अडवणाऱ्या पॅकेजाची सेटिंग परत आली आणि पॅकेजच नसेल, तर काहीच अडणार नाही. म्हणून यादी हवी.

परत बसवण्याच्या स्क्रिप्टचा क्रमही ठरलेला असावा. आधी गठडी उघडून जोडणी चालू करायची, कारण पॅकेजे नेटवरून येतात. मग यादी वाचून पॅकेजे बसवायची. मग आपल्या स्क्रिप्ट जागेवर आहेत का आणि त्यांना चालण्याची परवानगी आहे का, ते पाहायचे. शेवटी एकदा रीस्टार्ट.

दुकानात किंवा क्लासमध्ये मायक्रोटिकचा राउटर असेल तर त्यात दोन प्रकारच्या प्रती निघतात. बॅकअपची फाइल त्याच यंत्रावर परत बसवण्यासाठी. एक्स्पोर्टची फाइल साध्या मजकुराची, वाचता येणारी आणि दुसऱ्या यंत्रावर फेरफार करून वापरता येणारी. दोन्ही काढून ठेवाव्यात.

आणखी एक सावधगिरी. जुनी गठडी जशीच्या तशी बसवणे नेहमीच शहाणपणाचे नसते. डबा दूषित झाल्याची शंका असेल किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती फार पुढे गेली असेल, तर गठडीबरोबर जुने दुखणेही परत येते. अशा वेळी कोऱ्या डब्यात वहीतून पाहून हाताने भरावे आणि पासवर्ड सगळे नवे ठेवावेत. अर्धा-पाऊण तास जाईल, पण काम स्वच्छ होईल.

प्रत कोणाकडे ठेवावी?

यमामाच्या लढाईत कुरआनचे अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना काळजी वाटली. त्यांच्या सल्ल्याने खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्यावर संकलनाची जबाबदारी सोपवली. ती प्रत पुढे उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सुरक्षित राहिली, आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात तिच्या आधारे प्रती तयार करून वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या गेल्या. कलामे पाकाच्या हिफाजतीशी आपल्या घरातल्या डब्याची बरोबरी करण्याचा विचारही आमच्या मनात नाही. पण त्या थोर माणसांच्या वागण्यातून संसाराच्या लहान कामांसाठीही शिकता येते. जे मोलाचे आहे ते फक्त माणसांच्या स्मरणावर सोडू नये, त्याची प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये, आणि ती विश्वासू हातात द्यावी.

आपल्या घरांत नेमके उलटे दिसते. राउटरची सगळी माहिती एका मुलाच्या डोक्यात असते. तो शिकायला पुण्याला जातो, नोकरीला आखातात जातो, आणि घरी राहिलेल्या अम्मीला पासवर्डसुद्धा माहीत नसतो. डबा बिघडला की मुलाला फोन लावावा म्हटले तर व्हिडिओ कॉल त्याच वाय-फायवर होत असतो! ‘तुला काय कळतंय त्यातलं’ म्हणून घरच्या बाईला या कामातून बाजूला ठेवणे तर अगदीच चुकीचे. मुले दिवसभर तिच्यासमोर मोबाइल पाहतात. गाळणी चालू आहे की नाही, हे तपासण्याची खरी गरज तिलाच असते.

म्हणून वही घरातल्या बाईकडे असावी, जेथे रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्या असतात त्याच पिशवीत. गठडीची एक प्रत घरच्या संगणकात आणि एक पेनड्राइव्हवर, घराबाहेर, भावाकडे किंवा वडिलांकडे. पण ही अमानत आहे, हे विसरू नये. त्या फाइलीत घरचे पासवर्ड असतात आणि पुष्कळदा ते उघडे वाचता येतात. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकू नये, सायबर कॅफेच्या संगणकावर उघडू नये. शक्य असेल तर पासवर्ड लावलेल्या झिप फाइलीत ठेवावी, आणि तो पासवर्ड वहीत लिहावा.

बसवून पाहिल्याशिवाय भरवसा नाही

शाळेत आग विझवण्याचे नळकांडे भिंतीवर असते, पण कवायत झाल्याशिवाय ते कोणाला वापरता येत नाही. प्रतीचेही तसेच. सुट्टीच्या दिवशी, वीज स्थिर असताना, मुलगा घरी असताना, एकदा मुद्दाम रीसेट करून प्रत परत बसवून पाहावी. करणारा हात मुलाचा नको, अम्मीचा किंवा धाकट्या बहिणीचा असावा; मुलाने शेजारी बसून गप्प राहावे. वहीत जेथे अडले, तेथे वही अपुरी आहे असे समजून ती ओळ लगेच दुरुस्त करावी. जोडणी केबलवाल्याकडून एका विशिष्ट यंत्रालाच बांधलेली असेल, तर त्याला आधी फोन करून ठेवावा.

बसवून झाल्यावर नेट आले का, एवढेच पाहून उठू नये. गाळणी तपासावी. क्लाउडफ्लेअरची गाळणी तपासण्यासाठी त्यांचे स्वतःचे चाचणीचे पान आहे. तपासायला कोणतेही घाण पान उघडण्याची गरज नाही. रात्री ठरलेल्या वेळेनंतर मुलाच्या फोनवर नेट खरेच बंद होते का, ते पाहावे. पाहुण्यांच्या वाय-फायवरून घरचा प्रिंटर दिसत नाही ना, ते पाहावे. राउटरच्या पानाचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ राहिलेला नाही ना, हे शेवटी पाहावे.

हेही सांगितले पाहिजे की राउटरची गाळणी घरच्या वाय-फायपुरती असते. मुलाने सिमचा डेटा चालू केला किंवा फोनमध्ये खासगी डीएनएस लावला की तो तिच्याबाहेर गेला. गाळणी दाराची कडी आहे. तरबियत आईबापांनीच करायची असते. पण कडी मोडली आहे हे माहीतच नसणे, ही गोष्ट कोणत्याही घराला परवडणारी नाही.

या रविवारी अर्धा तास काढा. डबा उलटा करून मॉडेल क्रमांक लिहिण्यापासून सुरुवात करा. बाकीच्या सहा ओळी घरातल्या प्रत्येकाला एकेक विचारून भरा. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, मोबाइल हरवला तर त्यातले फोटो आणि नंबर परत कसे मिळवावेत, याबद्दल लिहू.